जुन्या बॉयलरच्या धुराड्यातून दाट पांढरी वाफ येते. बॉयलर बदलावा का?

घर गरम ठेवणाऱ्या पंधरा वर्षांच्या गॅस बॉयलरच्या धुराड्यातून यंदा जास्त वाफ निघते आणि टोकाशी थेंब पडतात, असे आपण लिहिले आहे. नुसती वाफ दिसते म्हणून घाबरू नका. एक किलो मिथेन जळाला की सव्वादोन किलो पाणी तयार होते आणि थंड हवेत ते दिसणारच. ती अचानक वाढली असेल, तर मात्र मी सहन केलेला प्रकार ऐकावा.

आमचा बॉयलर जुन्या धाटणीचा, बिडाच्या उष्णताविनिमयकाचा, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाचा होता. इंधन वाचेल म्हणून माझ्या मेहुण्यांनी त्याचे पाणी ७५ अंशांवरून ५० अंशांवर आणायला लावले. वाफ दाट होताच त्यांनी मला अंगणात नेऊन ती दाखवली आणि म्हणाले, "पाहा, धूर थंड निघतो आहे, म्हणजे उष्णता घरातच राहते आहे." ते अर्धेच खरे होते. नैसर्गिक वायूच्या धुरातील बाष्पाचे साधारण ५५ अंशांखाली पाणी होऊ लागते. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधून परतणारे पाणी त्याहून थंड असल्यामुळे हे संघनन बॉयलरच्या पोटातच सुरू झाले, आणि ते पाणी आम्लधर्मी असल्याने बिडाला सोसले नाही. पुढच्या हिवाळ्यात झाकण काढले, तेव्हा बर्नरवर नखाएवढे तपकिरी गंजाचे पोपडे पडलेले होते आणि निळी ज्योत पिवळी, मंद झाली होती. पिवळी ज्योत म्हणजे अपुरे ज्वलन, आणि त्यातून रंग-वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बॉयलर वयाने गेला, असे मेहुणे आजही म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण आदल्या वर्षीच्या सफाईत एकही पोपडा निघाला नव्हता.

म्हणून जुन्या प्रकारच्या बॉयलरचे तापमान कोणाच्याही आग्रहावरून उतरवू नका, आणि उतरवले असेल तर पूर्ववत करा. बदलण्याचा निर्णय मात्र अधिकृत तंत्रज्ञाने बर्नर उघडून पाहिल्यावर आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड मोजल्यावरच घ्यावा.

आपला बॉयलर कन्डेन्सिंग प्रकारचा, म्हणजे धुरातील बाष्पाचे मुद्दाम पाणी करून त्याचीही उष्णता वापरणारा असेल आणि त्यातून ते पाणी वाहून नेणारी बारीक प्लास्टिकची नळी निघत असेल, तर तापमानाबाबतचा माझा सल्ला नेमका उलटा समजावा. त्यात परतीचे पाणी थंड असणेच लाभाचे असते. टोकाशी थेंब पडत असतील तर धुराड्याचा उतार बॉयलरकडे आहे ना आणि निचरा तुंबलेला नाही ना, एवढे तपासून घ्यावे.

प्रकार कोणताही असो, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आजच लावा. त्या हिवाळ्यात आमच्या घरी ते नव्हते.