वाचक विचारतात: झिप कसली, ही तर दोरीत ओवलेली बांगडी

प्रश्न: पुस्तकात लिहिलंय की हेलिकेज डीएनए झिपसारखं उघडतं. व्हायरसकडे स्वतःचं हेलिकेज असतं का? आणि ते दिसतं कसं? (बारावीची विद्यार्थिनी, सांगली)

अगं असतं ना, आणि बऱ्याच व्हायरसकडे असतं. हेलिकेज म्हणजे डीएनएचे एकमेकांत पिळलेले दोन पदर वेगळे करणारं एन्झाइम. पण आधी ती झिप डोक्यातून काढून टाक, मला ती उपमा कधीच पटलेली नाही. झिपच्या सरकत्या तुकड्यातून दोन्ही बाजूंचे दात जातात, इथे तसं होत नाही.

चामखीळ आणणारा पॅपिलोमा व्हायरस घे. गाईम्हशींच्या सडांवर चामखिळी येतात बघ, त्याच घराण्यातला. याचा डीएनए म्हणजे जेमतेम 8000 अक्षरजोड्यांचं एक गोल कडं. कॉपी करायला लागणारं जवळपास सगळं सामान तो आपल्या पेशीकडून उसनं घेतो, पण हेलिकेज मात्र स्वतःचं आणतो. त्याचं नाव ई1, आणि या व्हायरसच्या जीन्समधून बनणारं हे एकमेव एन्झाइम आहे. हेलिकेज स्वतःचंच का? कारण पेशीचं हेलिकेज शिस्तीचं, पेशी दुभंगायच्या आधी एकदाच कामाला लागतं, आणि व्हायरसला एवढा धीर कुठला!

ई1 चे सहा एकसारखे रेणू एकत्र येऊन रिंग करतात. आपल्या पेशीतलं हेलिकेजही सहाजणांची रिंगच, फक्त तिथे सहाही वेगवेगळे. आता घरी करून बघ, दोन पदरी सुतळी घे, एका टोकाला पदर थोडे सोडव, एकाच पदरात बांगडी ओव आणि पिळाच्या दिशेने ढकलत ने. दुसऱ्या पदराला आत जागाच नाही, त्यामुळे तो बाजूला फेकला जातो आणि पीळ आपोआप उलगडत जातो. बस, हेच हेलिकेज. कात्री नाही, पाचर नाही, आणि तो बाहेर पडलेला पदर त्याने धरलेलाही नसतो.

करताना अजून एक गोष्ट दिसेल, सुतळीचं पुढचं टोक खिळ्याला बांधलेलं असेल तर बांगडीच्या पुढचा पीळ घट्ट घट्ट होत जातो आणि शेवटी सुतळी गाठीसारखी गोळा होते. डीएनएमध्ये साधारण साडेदहा जोड्यांमागे एक पीळ, म्हणजे 8000 जोड्यांत साडेसातशेच्या वर पीळ, आणि कडं गोल असल्यामुळे सुटायला मोकळं टोकच नाही. म्हणून पुढे टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम पदर कापून, पीळ सोडून परत जोडत बसतं. ते बिचारं पेशीचं, व्हायरसने फुकटात राबवलेलं.

प्रश्न: माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तुम्ही लोक प्रोटीनला मोटर म्हणता. ना कॉइल, ना शाफ्ट, ना वीज. मग फिरतं काय? (इचलकरंजी)

दादा, बरोबर पकडलंत. तुमच्या मोटरपेक्षा हे हेलिकेज ट्रकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला जास्त जवळचं आहे. डिझेलच्या जागी एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन. रिंगमधल्या शेजारी-शेजारी दोन प्रोटीनच्या सांध्यात एकेक खाचा असतो, असे सहा सांधे, सहा खाचे. एटीपी खाच्यात येऊन बसतं, मग फुटून एडीपी होतं, मग निघून जातं आणि खाचा रिकामा. सहाही एकदम पेटत नाहीत, एकामागोमाग एक, फायरिंग ऑर्डरसारखे.

आता खरी मजा आतल्या भोकात आहे. 2006 साली एरिक एनेमार्क आणि लीमोर जोशुआ-टोर या दोघांनी अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबमध्ये गुरांच्या पॅपिलोमा व्हायरसच्या ई1 ची रचना क्रिस्टलमधून काढली, तीही भोकात डीएनएचा एक पदर अडकलेला असताना. म्हणजे चालू कामाचा फोटोच म्हणा. त्यात दिसलं की प्रत्येक प्रोटीनचा एक आकडा (म्हणजे हूक) भोकात डोकावतोय आणि हे सहा आकडे एका पातळीत नाहीत, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे वरखाली आहेत. आकड्यावर धन भार, डीएनएच्या पाठीवर ऋण भार, म्हणून पकड बसते. एका आकड्याच्या वाट्याला डीएनएचं एक अक्षर.

ज्या सांध्यात एटीपी आहे तो आकडा वरच्या पायरीवर, एडीपीवाले मधे, रिकामा झालेला तळाशी. प्रत्येक आकडा आपलं अक्षर घेऊन पायरी पायरी खाली येतो, तळाशी सोडतो, नवीन एटीपी मिळालं की परत वर जाऊन पुढचं अक्षर धरतो. विहिरीचं पाणी शेंदलंय का कधी? खालचा हात सुटला की वर जाऊन दोर धरतो, तसंच, फक्त हात दोनाऐवजी सहा. एका एटीपीला एक अक्षर, पूर्ण फेरीला सहा. म्हणजे रिंग स्वतः पंख्यासारखी गरागरा फिरलीच पाहिजे असं नाही, फिरते ती पाळी.

सगळ्या व्हायरसचा हिशोब असाच असतो असंही नाही हां. बॅक्टेरियावर जगणाऱ्या टी7 व्हायरसचं हेलिकेज उलट्या दिशेने चालतं (ई1 पदराच्या तीन-प्राइम टोकाकडून पाच-प्राइमकडे, हे पाच-प्राइमकडून तीन-प्राइमकडे; पदराच्या दोन टोकांची ही नावं), एका पावलात दोन अक्षरं उचलतं आणि एटीपीऐवजी त्याच्याच जातीचा डीटीटीपी नावाचा रेणू जास्त आवडीने खातं.

प्रश्न: आईला नागीण झाली होती. डॉक्टरांनी असायक्लोविर दिलं. ते हीच मोटर बंद पाडतं का? आणि नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस जातो म्हणतात, ते खरं का? (सातारा)

नाही ताई, असायक्लोविरचं लक्ष्य वेगळं. हेलिकेजने पदर सोडवले की मागून पॉलिमरेज नवी अक्षरं जोडत येतं. असायक्लोविर हे खोटं अक्षर. ते साखळीत घुसलं की त्याला पुढचं अक्षर जोडायला कडीच नसते, साखळी तिथेच संपली. आणि गंमत म्हणजे या औषधाला कामाला लावायचं पहिलं काम व्हायरसचंच एन्झाइम करतं, म्हणून निरोगी पेशींना त्याचा त्रास कमी.

पण तुमचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. नागीण आणि ओठावर येणारी हर्पिस, दोन्ही एकाच घराण्यातल्या व्हायरसची कामं, आणि यांचं हेलिकेज सहाजणांची रिंग नसून तिघांचं त्रिकूट असतं, एक पदर सोडवणारा, एक नवीन पदराची सुरुवात करून देणारा, एक मदतनीस. या तिघांनाच जाम करणारी अमेनामेविर नावाची गोळी जपानमध्ये 2017 साली नागिणीसाठी मंजूर झाली. दिवसातून एकदाच घ्यायची. असायक्लोविर तर दिवसातून पाचदा घ्यावं लागतं, तुमच्या आईला विचारा केवढी कटकट असते ती. मात्र औषध कुठलंही असो, पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर फायदा जास्त, त्यामुळे आधी आठवडाभर लेप लावून बघू हा प्रकार नको.

आणि वेढ्याचं म्हणाल तर लहानपणीचा कांजिण्यांचाच व्हायरस मज्जातंतूच्या मुळाशी लपून बसलेला असतो, तो जागा झाला की त्याच एका तंतूच्या पट्ट्यात फोड येतात. तो तंतू पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मधल्या रेषेपर्यंतच जातो, म्हणून नागीण सहसा अर्ध्यावरच थांबते. क्वचित कुणाला दोन्हीकडे उठलीच, तर प्रतिकारशक्ती कमी पडली आहे का ते डॉक्टर तपासतात, पण दोन टोकं जुळली म्हणून काही कुणी जात नाही.