गोठा पाडायचा, पण लाकूड कुणाचं?

प्रश्न : आजऱ्याजवळच्या आमच्या गावातला जुना गोठा (12 खांब, 6 तुळया, सगळं सागवानी) वडील गेल्यापासून, म्हणजे 6 वर्षं, रिकामा आहे. कौलं घसरू लागलीत. गावचा कंत्राटदार 65 हजारांत पाडून, राडारोडा उचलून देतो म्हणतो. लाकूड आणि कौलं मात्र तो नेणार. 3 लाखांची एफडी मोडून हे काम उरकून टाकावं का? (वाचक, पिंपरी)

उत्तर : एफडीचं नंतर बघू. तुम्ही खांब 12 आणि तुळया 6 लिहिल्यात, सगळं सागवानी. खांब 8 बाय 8 इंचाचा, 9 फूट उंच, म्हणजे 4 घनफूट. तुळई 6 बाय 8 इंचाची, 12 फूट लांब, तीही 4 घनफूट. एकूण 72 घनफूट. वखारवाल्यानं घनफुटाला हजारच दिले असं धरू आणि चौथा हिस्सा कुजका म्हणून सोडून देऊ, तरी 54 हजार होतात. वासे, रिपा, मंगलोरी कौलं यात धरलेलीच नाहीत. म्हणजे तुमचा कंत्राटदार 65 हजारांत नाही, जवळजवळ 1 लाख 20 हजारांत गोठा पाडतोय!

आमच्या मामांचा गोठा असाच गेला. दोन ट्रॉल्या साग भरून गेला आणि वर त्या माणसांना जेवण आम्हीच घातलं.

तेव्हा पुढच्या रविवारी गावी जा. पेचकस घेऊन प्रत्येक खांबाच्या बुडाशी, दगडाला टेकतो तिथं, टोचून बघा. अर्धा इंच आत गेला तर तो खांब जळणाचा. खणकन अडला तर खडूनं खूण करा, फोटो काढा. मग त्याच कंत्राटदाराला विचारा : लाकूड आमचं, नुसती मजुरी आणि राडारोडा किती? आणखी एका दोघांकडूनही भाव घ्या. सागाच्या वाहतुकीला वनखात्याचा पास लागतो, म्हणून विक्री ठरवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर गोठ्यात आईचा आणि बहिणींचाही तुमच्याइतकाच वाटा आहे, लाकडाच्या पैशातही. सगळ्यांची लेखी संमती घ्या, मगच पहार लावा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीच्या नोंदीचा, उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. पुढे त्या जागी बांधायचं झालं तर जुन्या बांधकामाचा पुरावा हाताशी असलेला बरा.

आता एफडी. मोडू नका. मुदतीआधी मोडली की बँक व्याजदर कमी करते, आणि इथं तर पैसा लाकूड विकलं जाईपर्यंत, महिना दोन महिनेच, लागणार आहे. त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. व्याज साधारण एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही वापरलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं. लाकूड अगदीच कुजकं निघालं, तर मजुरी खिशातून जाईल हे धरून चाला. तरीही पाडाच, कारण आजऱ्याकडच्या पावसाळ्यात तो गोठा स्वतःहून कुणाच्या अंगावर पडण्याची वाट बघणं परवडणारं नाही.

सगळे पैसे आगाऊ देऊ नका. थोडे सुरुवातीला, थोडे छप्पर उतरल्यावर, उरलेले जागा साफ झाल्यावर. मजुरांचा अपघात विमा आहे का ते विचारा आणि वीज महावितरणकडून आधी तोडून घ्या. काम मे महिन्यातच संपवा. कौलं उतरवताना शंभरेक धड कौलं मागे ठेवायला सांगा, राहत्या घराच्या गळतीला उपयोगी पडतील.