वस्तीतला मोफत संगीत वर्ग: वाद्यांआधी काय ठरवायचं

घाटकोपरच्या वस्तीत, समाजमंदिरात 30 मुलांसाठी मोफत वर्ग काढायचाय आणि देणगीतून आधी कुठली वाद्यं घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय. सुरुवातीला एक हार्मोनियम, एक तबलाजोडी आणि एक ढोलकी पुरे. उरलेले पैसे शिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनासाठी बाजूला काढा. जुनी वाद्यं देणारे भेटतात, दरमहा मानधन देणारे क्वचित. आणि वर्ग बंद पडतात ते बहुधा मानधन थांबल्यामुळे.

मुलांच्या घरी, दहा बाय दहाच्या खोलीत रियाझ होत नाही, हे धरूनच आखणी करा. रविवारी सलग दोन तास घेण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा पाऊण तास घ्या. पहिली 15 मिनिटं सगळ्यांची मिळून पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं. तिला वाद्य लागत नाही, मूल घरी मांडीवर बोटं वाजवतही करू शकतं. दादऱ्यापासून, म्हणजे सहा मात्रांच्या तालापासून सुरू करा: ‘धा धी ना, धा ती ना’, पहिल्या मात्रेला टाळी, चौथीला ‘खाली’ (टाळी न देता हात मोकळा). तीसजण एकत्र बोलले की लय हमखास पळते. त्यामुळे शिक्षकाने टाळीवर विसंबू नये, मोबाइलवर लेहरा (ठरलेल्या लयीत फिरत राहणारी सुरावट) लावून ठेवावा. मग सगळ्यांचे पलटे (सरगमचे सराव), आणि शेवटी पाळीपाळीने वाद्यावर.

सुराचा घोळ बहुतेक ठिकाणी होतो. मुलं साधारण काळी 4 मध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) मोकळी गातात, पण दान मिळालेला तबला बहुधा काळी 1 चा असतो. म्हणजे तो मुलांच्या मध्यमाला (‘म’) लागतो. भूप रागात मध्यम वर्ज्य, तिथे तो सतत बोचतो आणि मुलांचा सूर हलतो. काळी 2 चा दायाँ (उजव्या हाताचा तबला) घ्या, तो पंचमाला (‘प’) जुळतो. आवाज फुटत असलेल्या मुलांना तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) ओढू नका. ते महिने त्यांना ढोलकीवर बसवा.

वेळ ठरवण्याआधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा. त्या वेळेला वर्ग ठेवलात तर आधी मुली गळतील. गणपती आणि लग्नसराईत हॉल जातो, तेव्हा दुसरी जागा आधीच बोलून ठेवा.

‘नाममात्र 20 रुपये घ्या, म्हणजे किंमत राहते’ असं लोक सांगतील. ते मला अजिबात पटत नाही. पैसे नसलेलं मूल मागायला लाजतं आणि यायचंच बंद होतं. त्याऐवजी प्रत्येक घरी जाऊन पालकांची लेखी संमती घ्या. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत. एकटा शिक्षक आणि एकटं मूल, असं कधीच नको.

गाण्यांत भीमगीतं, अभंग, घरात कानावर पडणारं सगळं घ्या. बऱ्याच घरांत भजनी मंडळातला किंवा बेंजो पार्टीतला कुणीतरी असतो, त्याला ठेका धरायला बोलवा.

पावसाळ्यात पेटी फरशीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. पट्ट्या फुगून अडकतात आणि भाता उंदीर कुरतडतात. तबल्याच्या शाईला (मधल्या काळ्या गोलाला) ओला हात लागू देऊ नका. पुडी (तबल्यावरचं कातडं) भिजली की आधी सूर उतरतो, मग शाईचे कण सुटतात. पुडी बदलण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.