प्रश्न तुमचे : करार, कौल आणि काम

प्रश्न : शाळेच्या व्यवस्थापनाने तीन वर्षांसाठी २, ४, ६ टक्के पगारवाढ देऊ केली आहे. आमच्या शिक्षक संघटनेची मागणी ६, ४, २ अशी होती. बेरीज दोन्हींची १२च. एवढ्यासाठी बोलणी ताणायची का?

जरूर ताणा. तिसऱ्या वर्षी १०० चे ११२.४४ दोन्हीकडे होतात, हे खरं. पण मधल्या काळात हाती काय पडतं ते मांडून बघा. ६-४-२ मध्ये १०६, ११०.२४ आणि ११२.४४, म्हणजे तीन वर्षांचे ३२८.६८. २-४-६ मध्ये १०२, १०६.०८ आणि ११२.४४, म्हणजे ३२०.५२. फरक ८.१६. मूळ वर्षाचा पगार १०० धरला तर एका महिन्याचे होतात ८.३३. थोडक्यात, प्रत्येक शिक्षकाचा जवळजवळ एक पगार यात जातो. निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरत असेल, तर पहिल्या वर्षअखेरीस निवृत्त होणाऱ्यांचं नुकसान जन्मभराचं आहे.

पहिल्या वर्षी खरोखरच पैशांची ओढाताण असेल, तर सुरुवातीला ३ आणि सहा महिन्यांनी मूळ पगारावर आणखी ३ टक्के मागा. त्या वर्षाचा बोजा साडेचार टक्क्यांवर येतो आणि वर्षअखेरीस पगार ६ टक्क्यांनी वर गेलेला असतो. हे गणित कागदावर मांडून बैठकीत पुढे सरकवा, नुसतं तोंडी बोलू नका.

प्रश्न : संपाआधी ‘नियमानुसार काम’, म्हणजे करारात लिहिलंय तेवढंच काम, सुरू करायचं ठरतंय. मागच्या वेळी आठवडाभरातच निम्मे जण ढेपाळले. काय चुकतं?

काय चालू आणि काय बंद, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलेलं असतं, तिथेच चुकतं. एका पानाचं पत्रक काढा, त्यात दोन रकाने करा. चालू : तासिका, हजेरी, ठरलेल्या परीक्षा, पेपर तपासणी, मैदानावरची नेमून दिलेली देखरेख. बंद : शाळा सुटल्यावरच्या बैठका, स्नेहसंमेलनाच्या तालमी, सुटीतले जादा तास, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मागितलेली माहिती. प्रत्येक ओळीपुढे करारातला कलम क्रमांक हवा. क्रमांक सापडत नसेल, तर ती ओळ वकिलाला विचारल्याशिवाय ‘बंद’मध्ये टाकू नका. नेमून दिलेलं काम नाकारणं काही ठिकाणी कायद्याने संपच ठरतं आणि पगार कापला जातो.

खरी मेख असते ती ‘वरिष्ठ सांगतील ती अन्य कामे’ या कलमात. मुख्याध्यापक त्यावर बोट ठेवतात आणि नवा, अजून कायम न झालेला शिक्षक एकटा सापडतो. त्याने तोंडावर नकार देऊ नये, लेखी आदेश मागावा. आदेश आला तर काम करावं, तारीख-वेळ टिपून ठेवावी आणि त्याच दिवशी संघटनेमार्फत तक्रार नोंदवावी. अशा बोलावण्याला शाळा प्रतिनिधीने सोबत जायलाच हवं.

मूल पडलं, रडत आलं, घरी काही विपरीत घडल्याचं सांगू लागलं, तर पत्रक बाजूला ठेवायचं. हेही त्या पत्रकातच छापा.

प्रश्न : संपासाठी किती टक्के कौल पुरेसा?

कायदा आणि संघटनेची घटना सांगेल तो आकडा किमान समजा. मात्र टक्केवारी झालेल्या मतदानावर काढू नका, एकूण सभासदांवर काढा. घरी बसलेला सभासद संपाच्या दिवशीही घरीच बसेल असं नाही, तो शाळेत जाईल.

शिकागोच्या शिक्षक संघटनेला २०१२ साली एकूण सभासदांपैकी ७५ टक्क्यांची कायदेशीर अट होती, म्हणजे न दिलेलं मत विरोधातच जाणार. त्यांनी उन्हाळी सुटीत पांगापांग व्हायच्या आत, जूनमध्येच मतदान उरकलं आणि जवळपास ९० टक्के सभासदांचा होकार मिळवला. १० सप्टेंबरला संप सुरू झाला.

पुढचा भाग तर आवर्जून लक्षात ठेवण्याजोगा. रविवारी, १६ सप्टेंबरला, तडजोडीचा मसुदा पुढे आला. संघटनेच्या प्रतिनिधींनी त्याला लगेच होकार दिला नाही, सभासदांना वाचायला वेळ मागितला. शिक्षकांनी मसुदा वाचला, त्यावर चर्चा केली आणि मंगळवारी प्रतिनिधींनी संप मागे घेतला. ‘आत्ताच सही करा’ असा दबाव आला, तर एवढी मुदत तुम्हीही मागा. तोवर मसुद्यात तीन ओळी शोधा : संपाच्या दिवसांचा पगार किंवा भरपाईचे दिवस, सेवा अखंड धरली जाणं, आणि कोणावरही सूडाची कारवाई न होणं. त्या नसतील, तर आधी लिहून घ्या.