पाण्याखालच्या गावाचा नकाशा

प्रश्न : माझ्या आत्याचं भीमाकाठचं गाव उजनी धरणात गेलं. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड करते आहे. ओव्यांतले मळे, देवळं, नदीचा उतार नकाशावर दाखवायचेत, पण आजच्या नकाशात तिथं नुसतं पाणी आहे. काय करावं?
– एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : ताई, रेकॉर्डिंग थांबवू नका. नकाशा पुढच्या वर्षीही करता येईल.

धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याआधीचा, एका मैलाला एक इंच मापाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा (सर्व्हे ऑफ इंडिया) नकाशा शोधा. त्यात विहिरी, देवळं, पायवाटासुद्धा असतात. तो स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवायचा. बसवताना नदीचा काठ खूण म्हणून धरू नका, काठ हलतो. टेकडीचे माथे, पाण्याबाहेर राहिलेल्या गावांची जुनी देवळं धरा, आणि तीही चारी बाजूंची. समासातले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे भरले तर सगळं थोडं सरकतं, कारण जुन्या नकाशांचं गणित पृथ्वीच्या आकाराच्या ‘एव्हरेस्ट’ नावाच्या जुन्या मापावर आहे आणि मोबाइलचं वेगळ्या.

बसवलेला नकाशा पडताळायला तुमच्याकडे फार चांगली जागा आहे. पाणी खूप उतरतं त्या उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. माहीतगार माणूस बरोबर घेऊन जा आणि मोबाइलवर तिथली जागा नोंदवा. लँडसॅटची उपग्रहचित्रंही मोफत मिळतात, १९७२ पासूनची. त्यांत देऊळ दिसणार नाही, पण धरणाआधीचं भीमेचं पात्र दिसेल.

आता माझी चूक सांगतो. एका ओवीतलं ‘वडगाव’ मी जवळचंच धरून टिंब दिलं, त्यावरून सासर-माहेराची रेघही ओढली. सहा महिन्यांनी कळलं, त्या बाईंचं माहेर दुसऱ्याच तालुक्यातलं वडगाव. बुद्रुक की खुर्द, एवढंही मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या तक्त्यात प्रत्येक जागेला तीन रकाने असतात : बाईंनी उच्चारलेला शब्द, आजचं नाव, आणि खात्री किती. पहिला रकाना मी कधीच ‘शुद्ध’ करत नाही. ‘नदीपल्याडचा मळा’ एवढंच ठाऊक असेल तर टिंब देऊ नका, फिकट रंगाचा पट्टा काढा. टिंब दिलं की वाचणारा ते खरं मानतो.

मग नकाशा मोठ्या कागदावर छापून आत्यांपुढं पसरा, गावाचं नाव मोठ्यानं वाचून दाखवा आणि रेकॉर्डर चालू ठेवा. कुणाचा बांध कुठं होता, कोणत्या विहिरीचं पाणी गोड होतं, हे बोट फिरवताना आठवत जातं. त्यांनी जागा बदलायला सांगितली तर जुनी खोडू नका, शेजारी नवी नोंदवा, तारखेसकट.