पोटात वाढ कमी राहिलेल्या बाळाला जन्मानंतर कोणते धोके असतात?

तुम्ही लिहिलंय की चौतिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडलेली दिसली, डॉपलरमध्येही (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत) वारेचा रक्तप्रवाह कमी आला, आणि पुढे काय होऊ शकतं हे कुणी नीट सांगत नाही. मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, सिस्टर आहे. अशी बाळं रोज हाताखालून जातात.

आम्ही सगळ्यात आधी बघतो ती शुगर. शेवटच्या महिन्यांत बाळ यकृतात साखर साठवतं आणि कातडीखाली चरबी. तुमच्या बाळाकडे दोन्हींचा साठा तुटपुंजा असणार. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते आणि होती तीही काही तासांत संपते. त्यात चरबी नसल्याने अंग लगेच गार पडतं, आणि गार पडलेलं बाळ ऊब धरायला उरलीसुरली साखर जाळतं. म्हणून जन्मल्याबरोबर कोरडं करून टोपरं घालायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, आणि तब्येत ठीक असेल तर पहिल्या तासातच पाजायचं.

शुगर उतरली की बाळ रडेलच असं नाही. कधी हातपाय थरथरतात, पण पुष्कळदा ते नुसतं झोपून राहतं, दूध ओढत नाही. घरचे कौतुकाने म्हणतात, किती शांत आहे! मला मात्र अशा शांत बाळाचीच जास्त धास्ती वाटते, कारण शुगर बराच वेळ खाली राहिली तर मेंदूला इजा होऊ शकते. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. टाचेला टोचून शुगर तपासतात ते बघवत नाही, तरी करू द्या.

दुसरं म्हणजे घट्ट रक्त. पोटात ऑक्सिजन कमी पडला की शरीर तांबड्या पेशी जास्त बनवतं. बाळ लालबुंद दिसतं, गुटगुटीत नसूनही 'तेजस्वी' वाटतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, 65 टक्क्यांच्या वर गेला तर डॉक्टर लक्ष ठेवतात, क्वचित उपचारही लागतात. पुढे या पेशी फुटतात तेव्हा कावीळही वाढते.

कळांचा ताणही या बाळांना झेपत नाही. ठोके उतरतात, पोटातच शी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून डिलिव्हरी एनआयसीयू असलेल्या ठिकाणीच करा. फार लवकर जन्मलं तर आतड्यांना सूज येण्याचा धोका असतो. तिथे दूध थेंबाथेंबाने वाढवतात, आणि आईचंच दूध मिळालं तर तो धोका बराच कमी होतो.

पुढचं थोडक्यात: बहुतेक बाळं दोन वर्षांपर्यंत वाढीत बरोबरी गाठतात. वजन झपाट्याने वाढावं म्हणून कोंबून भरवू नका, अशा मुलांना मोठेपणी मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका आधीच थोडा जास्त असतो.

आत्ता बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवा. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता, रात्र असली तरी, त्याच वेळी हॉस्पिटलला जा.