सगळ्या खुणा एकाच रांगेत

“हायपोथिसिस सिद्ध झाला नाही, मॅडम. इतकी वर्षं पाण्यात गेली. सोडून देऊ का?”

मे महिन्यातली जळगावची दुपार. ती समुपदेशनासाठी माझ्याकडे भुसावळहून एसटीने आली होती आणि तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडता सोडताच हे बोलली. वय 34, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सुट्टीत पगार नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अडचण तीच आहे, आणि ती मी अनेकांच्या तोंडून ऐकते.) तिचा पीएच.डी.चा विषय चटई कारखान्यातल्या कामगारांच्या पाळ्या आणि बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस आतून पार थकून जाणं. इथल्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे कारखाने भरपूर, त्यामुळे विषय घरचाच. रात्रपाळीवाले जास्त थकलेले असणार, हे तिचं गृहीतक. एसपीएसएसने, म्हणजे आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरने, फरक नाही म्हणून सांगितलं.

झोप लागते का, जेवण जातं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मी आधी सरळ विचारून घेतलं. झोप उडाली होती, बाकी धोक्याचं काही नव्हतं. “बर्नआउटवर पीएच.डी. करणारीच जळाली” हा विनोद स्टाफरूममध्ये तिला सगळ्यांनी ऐकवून झाला होता, म्हणून मी तो टाळला.

या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर सोपं आहे. गृहीतक फेटाळलं जाणं हाही निकालच. पदवी प्रश्न नीट विचारल्याबद्दल आणि तो नीट तपासल्याबद्दल मिळते, मनासारखं उत्तर आल्याबद्दल नाही. मी हे सांगायला सुरुवात केली तर ती म्हणाली, “माहीत आहे मॅडम, एम.ए.च्या मुलांना मीच शिकवते.”

मग रडू कशाचं?

मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी थिसिस आणू नका, भरून आलेले फॉर्म आणा. माणूस कशाला घाबरतो ते गप्पांपेक्षा कागदावर लवकर सापडतं, असा माझा अनुभव आहे.

तिने चाळीसेक फॉर्म आणले. वरचाच उचलला. कोपऱ्यावर ऑइलचा अंगठा. 30 विधानं, प्रत्येकासमोर पाच चौकटी, आणि तीसही बरोबरच्या खुणा एकाच उभ्या रांगेत, “पूर्ण सहमत”खाली. “कामावर जायच्या आधीच मी थकलेला असतो” पूर्ण सहमत. “काम संपल्यावरही मला उत्साह वाटतो” पूर्ण सहमत. दुसरा फॉर्म तसाच. तिसराही तसाच, शाईसुद्धा तीच. बर्नआउटच्या मापनात, मास्लाक आणि जॅक्सन यांनी 1981 मध्ये ते मांडलं तेव्हापासून, थकवा आणि माणसांबद्दलचा अलिप्तपणा यांच्या जोडीला “आपल्या हातून काही चांगलं होतंय” ही तिसरी बाजूही मोजतात, आणि त्या बाजूची विधानं उलट्या दिशेने जातात. सगळ्यांना एकच खूण म्हणजे वाचलंच नाही, किंवा वाचून लिहायची सोय नव्हती.

“फॉर्म वाटले कोणी?”

बराच वेळ ती फॉर्मांची चळत सरळ करत बसली. मग म्हणाली, “मुकादमाने. मालकांनी मला आत फक्त अर्धा तास दिला होता. मी गेटवर थांबले. तो गोळा करून घेऊन आला. एकाला मी विचारलं, कसं आहे काम? तो मुकादमाकडे बघून अहिराणीत म्हणाला, बठ्ठं चांगलं शे, ताई.” म्हणजे सगळं चांगलं आहे.

“तुमच्या दुसऱ्या प्रकरणात हॉथॉर्न आहे?”

“चार पानं आहे,” म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. शिकागोजवळचा तो कारखाना, 1924 ते 1932 चे प्रयोग. कोणी बघतंय म्हटल्यावर कामगार वेगळा वागतो, हे त्याच्याच नावावर शिकवलं जातं. (त्या आकड्यांवर पुढे बऱ्याच शंका घेतल्या गेल्या, पण शिकवायला गोष्ट फार सोयीची.) चार पानं लिहिणारी बाई स्वतःच्या गेटवरचा मुकादम विसरली नव्हती. तिला तो रोज रात्री आठवत होता. गृहीतक पडल्याचं दुःख वरवरचं होतं. आपला डेटा कच्चा आहे हे आपल्याला माहीत आहे आणि गाइडला नाही, ही खरी बोच. सहामाही प्रगती अहवालात दोनदा “डेटा संकलन पूर्ण” लिहून झालेलं, त्यामुळे गाइडचा फोन उचलणंही बंद.

मी संशोधन पद्धतीची तज्ज्ञ नाही. त्या फॉर्मांचं काय करायचं ते गाइड सांगतील. माझं काम तिला त्यांच्या दारापर्यंत नेण्याचं. आम्ही अर्धा तास एकाच वाक्यावर घालवला. तिचं पहिलं वाक्य होतं, “सर, तुम्ही रागावणार नसाल तर...” ते खोडलं. शेवटी उरलं ते असं: “सर, फॉर्म मुकादमाने भरून घेतले, मी समोर नव्हते. काय करता येईल?” ते तिने मला चार वेळा मोठ्याने म्हणून दाखवलं. चौथ्यांदा आवाज कापला नाही.

मुदतीची भीती वेगळी होती, ती लवकर सुटली. तिची नोंदणी यूजीसीच्या 2022 च्या नियमांखाली झालेली. त्यात प्रवेशापासून कमाल 6 वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी 2, आणि महिलांना त्यावर 2 वर्षांची सवलत देता येते. तिचं चौथं चालू होतं. सासूबाईंच्या “अजून किती?”ला यूजीसी उत्तर देत नाही, ते वेगळं.

सर रागावलेच. वीस मिनिटं. मग म्हणाले, एकाच रांगेतले फॉर्म बाजूला काढ, ते का काढले ते थिसिसमध्ये स्पष्ट लिही, आणि आता कामगारांच्या घरी जा.

दिवाळीच्या आधी ती केळीचे वेफर्स घेऊन आली. बसल्या बसल्या सांगू लागली. पहिल्याच घरी ओट्यावर तोच कामगार भेटला. काम कसं आहे विचारल्यावर पुन्हा बठ्ठं चांगलं शे. तिने पेन खाली ठेवलं, चहा घेतला. तेवढ्यात आतून त्याची बायको म्हणाली, “काय चांगलं शे? हाऊ ताटवरच झोपी जास.”

तो नुसता हसला. तिच्या फॉर्ममध्ये याला चौकट नव्हती, म्हणून तिने ते समासात लिहून घेतलं.